वादळानंतरचे श्रीवर्धन

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी पुष्कळजणी श्रीवर्धनला कधी ना कधी जाऊन आल्या असतील. हरिहरेश्वरचे दर्शन, दिवेआगरला एक मुक्काम आणि मध्ये श्रीवर्धन, असाच बेत बहुतेकजणी आखतात. समुद्रावर तासभर बसायचे, भट घराण्यातले पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ इथलेच म्हणून मुलांना सांगायचे आणि निघताना शेरभर सुपारी पिशवीत टाकायची. झाले श्रीवर्धन!

पण रस्त्यावरून दिसते ते अर्धेच गाव. उरलेले अर्धे घरांच्या पाठीमागे असते. रस्त्याला लागून ओटी, मग माजघर, स्वयंपाकघर, मागची पडवी, विहीर, आणि विहिरीपासून पार समुद्राच्या बाजूच्या गडग्यापर्यंत वाडी. नारळ, पोफळी, पोफळींवर चढवलेले मिरवेल, सावलीत जायफळ. भर वैशाखात बाहेर डोके तापले असले तरी वाडीत पाऊल टाकले की माठातल्या पाण्यासारखा गारवा. माझे हे सासर. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्या दिवशी मी सासूबाईंना विचारले होते, "आई, इथे ऊन कुठे पडतं? पापड कुठे वाळवता?" त्या हसून म्हणाल्या होत्या, "ऊन हवं तर रस्त्यावर जा. वाडीत ऊन नसतंच."

त्या वाडीत लख्ख ऊन पडलेले मी पाहिले ते 2020 च्या जूनमध्ये.

आम्ही माणगावला राहतो. यांची नोकरी तिथे, आणि मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते. सासूबाई मात्र श्रीवर्धनचे घर सोडायला तयार नव्हत्या. त्या वर्षी मार्चपासून टाळेबंदी, शाळा बंद, एस.टी. बंद. रोज रात्री फोनवर "जेवलात का, औषध घेतलं का" एवढेच बोलणे. मे सरता सरता वादळाच्या बातम्या सुरू झाल्या. 2 जूनला त्याचे नाव कळले, निसर्ग. हे नाव बांगलादेशाने सुचवलेले होते म्हणे. आणि 3 जूनला, बुधवारी, दुपारी ते आमच्याच किनाऱ्यावर आले. अलिबागच्या दक्षिणेला, श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात. वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर. माणगावलाही पत्रे उडाले, झाडे पडली. पण आमचे सगळे लक्ष फोनकडे. फोन लागेना. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही.

5 तारखेला वटपौर्णिमा होती. मी घरातच वडाच्या फांदीची पूजा करते आणि दर वर्षी फांदी तोडल्याबद्दल मनाला लागते. त्या वर्षी तोडावी लागली नाही. कोपऱ्यावरचा वडच आडवा पडला होता. पूजा करताना मनात यांच्यापेक्षा सासूबाईच होत्या, हे कबूल करते.

संध्याकाळी एक टेम्पोवाला निरोप घेऊन आला. "तुमच्या आई ठीक आहेत. शेजारच्या स्लॅबच्या घरात होत्या. घराची कौलं गेली. वाडी गेली."

आम्ही 7 तारखेला निघालो. मुलांना नणंदेकडे ठेवले. सोबत तांदूळ, मेणबत्त्या, ताडपत्री, दोन कोयते, पिण्याचे पाणी. साई, म्हसळा करत जायचा हा रस्ता एरवी किती सुरेख! त्या दिवशी घोणसे घाटापासूनच दोन्ही बाजूंना कापलेल्या ओंडक्यांचे ढीग. विजेचे खांब वाकलेले, तारा रस्त्यावर लोळलेल्या. डोंगरावरची झाडे उभी होती, पण पानांविना, कुणी ओरबाडून घेतल्यासारखी.

सासूबाई ओटीवर बसल्या होत्या. पाठ घराकडे, तोंड रस्त्याकडे. मला बघून म्हणाल्या, "चहाला दूध नाही हो." बाकी काही नाही. मी आत गेले. माजघरात आभाळ दिसत होते. मागच्या पडवीत पाऊल टाकले आणि जागीच थांबले. विहिरीपासून गडग्यापर्यंत एकावर एक पोफळी पडलेल्या, आडव्यातिडव्या, काड्यापेटी उलटी करावी तशा. आणि त्यांच्या पलीकडे समुद्र. इतक्या वर्षांत त्या पडवीतून समुद्र ऐकला होता, पाहिला कधी नव्हता.

झाडे अशी आडवीतिडवी का पडली, ते सासूबाईंनी मग रात्री सांगितले. आधी वारा डोंगराकडून आला. मग एकदम थांबला. लोकांना वाटले, संपले. काही जण बाहेरही आले. मग समुद्राकडून उलटा वारा सुटला. पहिल्या वाऱ्याने मुळे हलली होती, दुसऱ्याने झाडे पाडली. वादळाचा मध्य डोक्यावरून जातो तेव्हा असे होते, हे मी भूगोलात शिकवले आहे. पण शिकवणे वेगळे.

आता कामाचे सांगते. देव करो आणि तुमच्यावर अशी वेळ न येवो, पण किनाऱ्यावर किंवा नदीकाठी माहेर-सासर असलेल्या कितीतरीजणी आहेत.

पहिल्या दिवशी आमची चूक अशी झाली की, जिकडे हात जाईल तिकडे आवरायला लागलो. दुपारपर्यंत दमलो आणि काहीच आवरले गेले नव्हते. संध्याकाळी आळीतल्या आम्ही सातआठजणी तोंडाला पदर, रुमाल बांधून एका ओटीवर लांब लांब बसलो आणि ठरवले: एकेक घर घ्यायचे. सगळ्यांनी मिळून एका घराची एक खोली आधी कोरडी करायची, मग पुढचे घर. मृग तोंडावर आला होता. पाऊस धरला असता तर भिंतीही राहिल्या नसत्या. शेजारच्या मोहल्ल्यातली मुले करवत घेऊन आली. त्यांनी आधी प्रत्येक घराच्या दारापासून विहिरीपर्यंतची वाट मोकळी केली. वाट आणि पाणी आधी, बाकी सगळे नंतर. पण तारा पडलेल्या असतील तिथे वीज बंद आहे असे कुणी सांगितले तरी हात लावायचा नाही, हा नियम आम्ही मुलाबाळांना घालून दिला होता.

कौलांचे तीन ढीग केले: अख्खी, अर्धी आणि चुरा. बाजारात कौले मिळेनात, ताडपत्रीचे भाव विचारू नका. म्हणून चारही खोल्यांची अख्खी कौले काढून एकट्या स्वयंपाकघरावर चढवली. बायकांनी ओळीने उभे राहून हातोहात कौले दिली. बाकी घरावर ताडपत्री आणि तिच्यावर झावळ्यांचे विणलेले झाप. विणणार कोण? जीवना बंदराकडून एक कोळीण मावशी सासूबाईंकडे वर्षानुवर्षे मासळी घेऊन येतात. सासूबाई मासे खात नाहीत. मावशी येतात त्या बोलायला आणि जाताना शहाळे न्यायला. त्यांच्या घराचे पत्रे उडालेले, होडीची फळी फुटलेली, तरी त्या आल्या आणि झाप विणत बसल्या. "बाय, माझ्या घरावर आज ताडपत्री पडली. तुमचं राहिलंय," एवढेच म्हणाल्या.

वीज नाही म्हणजे पंप नाही. पाणी शेंदायला आळीत कुणाकडे धड दोर नव्हता. सासूबाईंनी अडगळीतून पोहरा आणि काथ्याचा दोर काढून दिला. आम्ही तो किती वेळा टाकून द्यायला निघालो होतो! विहिरीतला पालापाचोळा काढून ब्लीचिंग पावडर टाकली आणि तरीही प्यायचे पाणी उकळूनच घेतले. आमच्या आळीत वीज यायला जवळजवळ महिना लागला.

आणखी काही गोष्टी लिहून ठेवा. आवरण्याआधी फोटो काढा. पंचनामा व्हायचा असतो, आणि तोपर्यंत तसेच ठेवावे तर पावसाने उरलेलेही जाते. मी शाळेची कोरी वही घेऊन आळीतल्या प्रत्येक घराची यादी केली: कौले किती, माड किती, पोफळी किती, भिजलेले धान्य किती. फोन गाडीच्या बॅटरीवर चार्ज करून फोटो घेतले. अर्ज लिहिले. बी.ए. झाल्याचा इतका उपयोग मला पूर्वी कधी झाला नव्हता! सिमेंटचे पत्रे फुटले असतील तर त्यांवर पाणी शिंपडून मगच उचला. कोरडे फोडू नका, झाडू मारू नका, त्यांतली धूळ छातीला वाईट. ढिगाऱ्यात हात घालण्याआधी काठीने ढवळा, सापविंचू आसऱ्याला बसलेले असतात. पायांत गमबूट हवेत. खिळा लागला तर धनुर्वाताचे इंजेक्शन.

धान्य नुसते ओलसर असेल तर वाळवून घ्या. वास आला असेल तर जीव तुटला तरी टाका. ते दिवस बेगमीचे. पापड, कुरडया, आंबापोळी, आमसुले, वर्षाचे तिखट, सगळे डब्यांतून भरून फळीवर ठेवलेले असते. आमच्या आळीत कितीतरीजणींचे ते सगळे भिजले. घर गेल्याचे डोळ्यांत पाणी न आणणारी एक शेजारीण आंबापोळीचा डबा उघडल्यावर मात्र रडली. पुरुषमंडळींना आश्चर्य वाटले, आम्हाला नाही.

घर आठवडाभरात राहण्याजोगे झाले. सासूबाई सगळे करत होत्या. भाकऱ्या टाकत होत्या, भांडी चिंचेने घासत होत्या. फक्त वाडीत जात नव्हत्या. मागचे दार उघडले की त्या पुढे जाऊन बसत.

तुम्ही मला नीटनेटकी म्हणाल, किंवा हट्टी म्हणाल. मला वाटले, वाडी एकदा स्वच्छ दिसली की त्यांना बरे वाटेल. यांनी आणि दोन गड्यांनी खोडे कापायला सुरुवात केली होती. मी दोन बाया मदतीला घेतल्या, खराटे घेतले आणि विहिरीजवळचा निम्मा भाग अगदी चकचकीत झाडून काढला. पाला, झावळ्या, सोडणे, मधली चिरडलेली पिवळी रोपे, सगळे उपटून ढीग केला आणि पेटवून दिला. जमीन तुळशीपुढच्या अंगणासारखी दिसायला लागली. मला मनापासून समाधान वाटले.

धूर बघून सासूबाई आल्या. वादळानंतर पहिल्यांदा वाडीत पाऊल टाकले ते असे. क्षणभर बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अगो, झाडून काढायला ही काय ओटी आहे?"

मी गप्पच. मग त्या एका जायफळापाशी गेल्या. वादळात न पडलेले झाड, पण पाने करपायला लागली होती. "ह्याने जन्मात ऊन पाहिलेलं नाही. वरची सावली गेली, आता मुळावरचं पांघरूणही तू काढलंस." मी उपटलेली रोपे गवत नव्हती. पडलेल्या सुपाऱ्यांतून उगवलेली पोफळीची रोपे होती. चिरडली होती, तरी काही जगली असती.

खरे सांगते, त्या दिवशी मला फार लाज वाटली. दुसऱ्यांना घरोघरी सांगत फिरले, आधी बघा, मोजा, मग हलवा म्हणून. आणि स्वतः मात्र न बघता झाडले.

मग सासूबाई कामाला लागल्या. पानाच्या डब्यातली चुन्याची डबी मागवली आणि जे झाड जगेल असे त्यांना वाटले त्याच्या खोडावर चुन्याचे बोट ओढले, म्हणजे गड्यांनी चुकून कापू नये. दोनशेच्या आसपास पोफळी होत्या. तेवीस राहिल्या. चौदा माडांतले सहा. मोजून झाल्यावर म्हणाल्या, "तेवीस म्हणजे बियाण्याला पुरे."

पालापाचोळा जमिनीवर राहू द्यायचा, उरलेल्या झाडांच्या आळ्यांत ओढायचा. पण माडाची खोडे मात्र एकही वाडीत कुजू द्यायची नाहीत. हे त्यांनी बजावून सांगितले, आणि नंतर कृषी खात्याच्या माणसानेही तेच सांगितले. कुजक्या खोडांत गेंडा भुंगा अंडी घालतो आणि मग उरलेल्या माडांचे कोंब पोखरतो. वादळाने सोडले ते भुंगा खातो. तेव्हा खोडे कापून बाहेर काढली. पोफळी चिरून त्यांचे रीप केले, ते पडवीच्या छपराला लागले. हिरांच्या केरसुण्या आळीभर वाटल्या. म्हणजे बघा, घर आवरताना ओले ते बाहेर काढायचे असते आणि वाडी आवरताना काय आत ठेवायचे ते आधी ठरवायचे असते.

फोन सुरू झाल्यावर मुंबईहून मोठ्या दिरांचा फोन आला. टाळेबंदीमुळे त्यांना येता येत नव्हते. म्हणाले, "आईला माणगावला घेऊन जा. वाडी विकून टाकू. समुद्राजवळची जागा आहे, हॉटेलवाले घेतील."

मैत्रिणींनो, इथे मी काही शहाणपणाची बोलले असे सांगता आले असते तर बरे वाटले असते. पण मी बोलले नाही. मला ते पटले होते. आमच्या डोक्यावर फ्लॅटचे कर्ज. आणि हिशेब तरी काय सांगत होता? सरकारने त्या जूनमध्ये फळबागांची मदत वाढवून हेक्टरी 50 हजार रुपये केली. हेक्टर म्हणजे शंभर गुंठे. आमची वाडी पंधरा गुंठ्यांची. म्हणजे साडेसात हजार रुपये. पोफळ लावल्यापासून धरायला पाच ते सात वर्षे. सासूबाईंचे वय तेव्हा त्र्याहत्तर. कुणीही म्हटले असते, विका.

सासूबाईंनी वाद घातला नाही. फोन ठेवल्यावर यांना म्हणाल्या, "उद्या केळीचे मुनवे मिळतात का बघ. पोफळीच्या रोपाला आधी सावली लागते. केळ वर्षात सावली देते." आणि मोठ्या दिरांना निरोप दिला, "पाच वर्षं थांबा. मग तुम्ही म्हणाल ते." दिरांनी मान्य केले. मला वाटते, आईचे मन राखायला केले.

त्या पावसाळ्यात केळी लावल्या. 2021 च्या पावसाळ्यात केळींच्या सावलीत, नऊ नऊ फुटांवर, पोफळीची रोपे. काही त्या तेवीस झाडांच्या सुपाऱ्यांपासून सासूबाईंनी स्वतः केलेली, काही विकत घेतलेली. श्रीवर्धनला कोकण कृषी विद्यापीठाचे सुपारी संशोधन केंद्र आहे, आणि सुपारीच्या एका जातीला गावाचेच नाव आहे, श्रीवर्धनी. आम्ही दर महिन्याला एक रविवार जातो. मी आता आळी करते, पाला ओढते. खराटा फक्त ओटीसाठी.

ती पाच वर्षे आता भरली. पोफळी माझ्या डोक्याच्या वर गेल्या आहेत, पण अजून एकीलाही पोय आलेली नाही. करपलेल्या चार जायफळांतली दोन वाचली. मोठे दीर दिवाळीत येऊन गेले. वाडीत फिरले, विहिरीजवळ बराच वेळ उभे राहिले. विकण्याचा विषय त्यांनी काढला नाही आणि आम्हीही नाही. कधीतरी निघेलच. निघाला तर या वेळी मी गप्प बसणार नाही, एवढे मात्र मी यांना सांगून ठेवले आहे. कर्ज अजून आहे, तरीसुद्धा.

पडवीतून समुद्र अजून दिसतो, पण पूर्वीइतका मोकळा नाही. मध्ये केळीची पाने येतात, पोफळींच्या नव्या झावळ्या येतात. सासूबाई रोज सकाळी तिथे चहा घेतात आणि किती समुद्र दिसतो ते बघतात. जितका कमी दिसेल तितक्या खूश.

तेव्हा पुढच्या खेपेला श्रीवर्धनला जाल, तर समुद्रावरून परतताना एखाद्या आळीतून सावकाश चालत या. कुणी ओटीवर सुपारी सोलत बसले असेल तर "वाडी बघू का?" म्हणून विचारा. कुणी नाही म्हणत नाही. आणि सुपारी घ्याल ती तिथेच घ्या, घासाघीस न करता. त्या सुपारीचे झाड वादळातून उरलेले असेल, किंवा कुणीतरी पुन्हा लावलेले.